आमच्या सोफ्यावरचा सेंटर

८ सप्टेंबर १९८५, रविवार

आजही आला. मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात बेल. आमच्या दाराच्या काचेतून बाकीच्यांचे चेहरे दिसतात, याच्या शर्टाची बटणं दिसतात. वि. दार उघडायला धावले. धावले! गुडघा दुखतो म्हणून कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत मला ओढायला लावणारे हे आमचे गृहस्थ.

चुकलं माझंच. मार्चमध्ये ड्राइव्हवेच्या बर्फावर घसरले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, थेरपीला जायला नको म्हणत होते. मीच दटावून पाठवलं. शेजारच्या टेबलावर हा क्लॅरन्स, त्याचेही गुडघे गेलेले. झालं! मंगळवार-गुरुवार थेरपी, आणि रविवारी आमचा सोफा.

मूळचा अलाबामाचा. अकरा वर्षं प्रोफेशनल बास्केटबॉल खेळलाय म्हणे, बास्केटपाशी उभा राहणारा सगळ्यात उंच गडी म्हणून. सेंटर. सात फुटाला एक इंच कमी. आता रिटायर होऊन वूस्टरला शोरूममध्ये गाड्या विकतो. "विकतो त्यातल्या एकाही गाडीत मी मावत नाही," असं तोच सांगतो आणि वि. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एका वाक्याला इतके हसले असतील तर शपथ. मी काय विनोद करत नाही?

या वहीत त्याचं नाव ताडोबा. आमच्या नागपूरकडचं जंगल. एकदा माणूस आत शिरला की लवकर बाहेर येत नाही.

१२ सप्टें., गुरुवार

वि. सात वाजून गेल्यावर आले. भाजी दोनदा गरम केली. आधी ऑफिसात उशीर, त्या नव्या शिरीषला काम शिकवायचं असतं. मग थेरपी. मग थेरपीच्या पार्किंग लॉटमध्ये ताडोबाशी गप्पा.

"काय बोलत होतात एवढं?"

"गेम."

एक शब्द. पूर्वी घरी आले की किचनच्या काउंटरला टेकून आलेलं सगळं टपाल मोठ्यांदा वाचायचे, कूपन्ससुद्धा. मला कंटाळा यायचा. आता वाटतं, कूपन्स तरी वाचा हो.

१५ सप्टें., रविवार

खातो किती! भरली वांगी, वरण, पोळ्या, भात, परत भात. ताट रिकामं दिसलं की मी वाढते, वाढलं की तो संपवतो. "थँक यू, वॅहिनी." वहिनी म्हणायला वि.नी शिकवलंय. मला कुणी विचारलं?

जेवण झाल्यावर दिवाणखान्यात तमाशा. माझा उभा दिवा म्हणजे बास्केट. डायनिंगच्या खुर्च्या म्हणजे समोरची टीम. ताडोबा मधोमध उभा, हात छातीशी बांधून, अगदी खांब. आणि वि. सोफ्यावरची उशी घेऊन त्याला घासून पलीकडे. याला म्हणे स्क्रीन लावणं म्हणतात. आपल्या माणसाच्या मागे लागलेला येऊन सेंटरच्या अंगावर आदळतो, तेवढ्यात आपला माणूस मोकळा होतो, बॉल टाकतो, टाळ्या त्याला.

"आणि तुला?" मी विचारलं.

"मला बरगडीत कोपर." परत दोघांचा हशा.

अकरा वर्षांत हेच केलं म्हणाला. चार गावांच्या टीम झाल्या. एकदा तर याच्या बदल्यात दोन बुटके घेतले! माणसांची अशी अदलाबदल करतात हे मला आजच कळलं. पेपरात याचं नाव यायचं ते सगळ्यात खालच्या ओळीत. त्याच्या आईनं तरी ती कात्रणं जपून ठेवली होती.

दिव्याची शेड वाकडी झाली आहे. वि. म्हणतात, आधीपासूनच होती.

२१ सप्टें., शनिवार

नलिनीकडे जेवण. नवीन घर. चार बेडरूम, वरती जकुझी. प्रत्येक खोली दाखवताना "तसं काही फार नाही हो" म्हणत होती. तिचा नवरा डायरेक्टर झालाय. मी तोंड भरून कौतुक केलं आणि आतून नुसती भाजत होते.

मग म्हणते, "सुनंदा, तुमच्याकडे म्हणे कुणी बास्केटबॉलवाला येतो? आमच्याकडे आण ना एकदा."

माझी कॉलर लगेच ताठ. म्हटलं, विचारते हं, फार बिझी असतो तो. विचारणार डोंबल. घरात तो नको असतो मला, पण दुसऱ्या कुणाच्या सोफ्यावर बसलेला तर मुळीच नको.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. तरी बोललेच, की यांच्या ग्रुपचंही काम यंदा खूप वाढलंय, व्हाइस प्रेसिडेंटचं चाललंय. तसं काही वि. म्हणाले नव्हते. पण व्हायला काय हरकत आहे? नलिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. वि. शेजारीच होते, मान खाली घालून चिवड्यातले दाणे वेचत.

गाडीत बसताच यांनी रेडिओ मोठा केला.

२८ सप्टें., शनिवार

काल वादळ झालं. दुपारपासून लाइट नाहीत. मागचा मेपल अर्धा मोडून कुंपणावर. ऑफिस लवकर सुटलं, वि. तीनलाच घरी. म्हटलं चला, टीव्ही नाही, फोन नाही, आता तरी दोघं बसू. मेणबत्त्या काढल्या. गॅस चालू होता म्हणून मुगाची खिचडी टाकली, कढी केली. पापडसुद्धा भाजले.

खिचडीला वाफ येतेय तर यांनी जॅकेट चढवलं.

"कुठे?"

"क्लॅरन्स एकटाच असतो गं. बघून येतो."

मी पण एकटीच असते म्हटलं, पण दार लागलं होतं.

दोघं मिळून आले, बॅटरी घेऊन. ताडोबानं मेपलची फांदी एकट्यानं उचलून बाजूला केली, मग माझी खिचडी संपवली. मेणबत्तीच्या उजेडात तिघं. हसण्यासारखं आहे सगळं, पण मला काल हसू आलं नाही.

६ ऑक्टो., रविवार

आज तर कहर.

बोलता बोलता ताडोबा मला म्हणतो, "वॅहिनी, तुमचा नवरासुद्धा सेंटर होता, माहीत आहे ना?"

कोण? माझा नवरा?

होय म्हणे. कॉलेजच्या टीममध्ये. पाच फूट अकरा, त्यांच्यात तेच उंच. सिमेंटच्या कोर्टावर अनवाणी. फायनलला दात अर्धा तुटला, तो खालचा डावीकडचा. आणि मला लग्नात सांगितलं होतं की लहानपणी पेरूच्या झाडावरून पडलो!

बावीस वर्षं त्या दातावर उपचार मी करतेय. लवंगतेल, मीठ, रूट कॅनॉल. आणि त्याचा खरा इतिहास कळायला अलाबामाचा माणूस यावा लागला.

तो गेल्यावर विचारलं. म्हणतात, "त्यात सांगण्यासारखं काय होतं? बाबांना खेळ आवडत नसे, तेव्हा पेरूचं झाड सांगितलं. मग तेच चालू राहिलं."

अंगाचा तिळपापड झाला. सेंटर होते म्हणून नव्हे. त्याला सांगितलं म्हणून.

१३ ऑक्टो., रविवार



चहा घेऊन बाहेर चालले होते. हॉलच्या दाराशी पोचले तर आतून वि.चा आवाज, खालच्या पट्टीत. शब्द कळले नाहीत. मग ताडोबा म्हणाला, अगदी स्पष्ट, "तिला अजून सांगितलं नाहीस?" आणि वि. म्हणाले, "नाही. तिला कसं सांगू?"

मी आत गेले. दोघे लगेच टीव्हीकडे बघायला लागले. टीव्हीवर साबणाची जाहिरात होती.

ट्रे ठेवला, परत आले. सिंकचा नळ सोडून उभी राहिले बराच वेळ.

मला न सांगण्यासारखं काय आहे? आणि त्याला सांगण्यासारखं?

१५ ऑक्टो., मंगळवार

लॅबमध्ये आज एक सॅम्पल दोनदा लावलं. मन ठिकाणावर नाही. लोकांचं रक्त तपासत बसते आणि घरात काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

आजार? त्यांचं ब्लडवर्क मीच बघते, सगळं ठीक. बाई? शक्यच नाही. मोजे कुठे ठेवलेत ते यांना सापडत नाहीत, बाई कुठून सापडणार. तरी शर्ट हुंगून पाहिला. गुडघ्याच्या मलमाचा वास.

रात्री जेवताना सरळ विचारलं, "काही झालंय का?"

"कुठे काय. काही नाही गं."

"नक्की?"

"भात वाढ थोडा."

मला राग कशाचा येतोय ते तरी धड कळावं. जे काही आहे त्याची भीती वाटते हे खरं. पण भीतीपेक्षा ते दुसरंच जास्त जळतंय. बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला "काही नाही" आणि सहा महिन्यांच्या ओळखीच्या माणसाला सगळं.

२७ ऑक्टो., रविवार

चकलीची भाजणी भाजता भाजता सुचलं.

तो मला वहिनी म्हणतो. वहिनी म्हणजे कोण? भावाची बायको. म्हणजे तो यांचा भाऊ, यांच्या बाजूचा. अशा माणसाच्या तोंडून माझ्या कामाचं काय निघणार? पण मी त्याची ताई झाले तर? मग तो माझ्या बाजूचा. यांचा मेव्हणा! बहिणीपासून लपवायची भावाची छाती होते का बघू.

दिवाळी तोंडावर आहेच. माझा बंडू नागपूरला, मी इथे. इथे आल्यापासून भाऊबीजेला स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंद्राला ओवाळते. चंद्र काही विचारलं तर सांगत नाही.

यंदा ताडोबाला ओवाळायचं. आणि ओवाळणी काय मागायची ते माझं ठरलंय.

वि.ना म्हटलं, "क्लॅरन्सला भाऊबीजेला बोलावू या." इतके खूश झाले की क्षणभर मलाच माझी लाज वाटली. क्षणभरच.

३ नोव्हें., रविवार

सांगितलं त्याला. बहीण भावाला ओवाळते, कपाळाला कुंकू लावते, भाऊ ताटात काहीतरी घालतो. तो गंभीरपणे ऐकत होता, कोच सांगतोय तसा. मग म्हणाला, "मला बहीण नव्हती. चार भाऊ." आणि मग "ताई" असं म्हणून बघितलं. ताई मात्र अगदी साफ म्हणाला.

वि. बघत होते. त्यांना बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

१४ नोव्हें., गुरुवार. भाऊबीज

सगळं लिहिते, झालं तसं.

ताडोबा थेरपी बुडवून पाचला आला. कोट, टाय. वि. थेरपीला, म्हणजे सातपर्यंत नाहीत. मी मुद्दामच तसं ठरवलं होतं.

पाट मांडला, भोवती रांगोळी. पण हा पाटावर बसणार कसा? गुडघे वाकतात कुठे. शेवटी पाटाच्या मागे डायनिंगची खुर्ची ठेवली, तो खुर्चीवर आणि पाय पाटावर. तरी मी उभी आणि तो बसलेला, कपाळं सारख्याच उंचीवर. डोक्यावर ठेवायला टोपी नाही, तर वि.ची बर्फात घालायची लोकरी टोपी दिली. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. खिडकीबाहेर बारीकशी कोर होती. सवयीनं एकदा तिच्याकडेही ताट फिरवलं.

त्यानं खिशात हात घातला.

मी म्हटलं, "पैसे नकोत. वस्तू नको. विनायकनी तुला जे सांगितलंय आणि मला नाही, ते घाल ताटात."

हात खिशातच राहिला.

"नाही, ताई."

"भाऊ आहेस ना माझा?"

"आहे. पण ते त्याचं आहे. अकरा वर्षांत लॉकर रूममधलं मी बाहेर नेलं नाही."

"ही लॉकर रूम नाही! माझं घर आहे!" ओरडलेच मी. निरांजन हललं. "मला झोप येत नाही. माझ्या नवऱ्याचं माझ्या आधी तुला कळतं. दातसुद्धा तुला कळतो. मी कोण आहे मग? वाढपी?"

सगळं बोलून गेले. म्हटलं, मला तुझा हेवा वाटतो. इतक्या मोठ्या माणसाला तोंडावर हे सांगणं, तेही माझ्या वयात. पण सांगितलं.

त्यानं रिकामा हात खिशातून बाहेर काढला. मग म्हणाला, "त्याचं घालता येत नाही. माझं घालतो."

शेवटच्या वर्षी टीमनं एक पोरगा आणला. एकवीस वर्षांचा, याच्याहून दोन बोटं उंच. कोच म्हणाला, क्लॅरन्स, याला शिकव. पाय कुठे ठेवायचे, शिट्टी न वाजता रेटा कसा द्यायचा, सगळं. यानं शिकवलं. पोरगा रोज "येस सर" म्हणायचा. आणि हा रात्री गादीवर पडून देवाला म्हणायचा, त्या पोराचा गुडघा मोडू दे. "देवानं ऐकलं. गुडघा चुकीचा निवडला."

हसला. मी नाही हसले.

बायकोला सांगितलं नाही. ती फोनवर बहिणींना सांगत असायची, यंदा क्लॅरन्स पहिल्या पाचात खेळणार. तिच्या तोंडावर कसं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू. एक दिवस ती कपडे इस्त्री करत होती आणि रेडिओनं सांगितलं, की क्लॅरन्सला टीमनं सोडलं. घरी आला तर इस्त्री तशीच चालू आणि शर्ट जळलेला. ती म्हणाली, जागा गेली त्याचं काही नाही, रेडिओला माझ्याआधी कळलं.

"आता ती डेट्रॉइटला असते. तिचं दुसरं लग्न झालं. नवरा दातांचा डॉक्टर. बरा माणूस आहे. मी अजूनही जळतो."

मी फराळाचं ताट पुढे केलं. चकली, करंज्या, लाडू. त्यानं लाडू संपवला, मी सवयीनं दुसरा ठेवला. तेव्हा अगदी हळू म्हणाला, "ताई, एक विचारू? ताट रिकामं केलं की तुम्ही वाढता. वाढलेलं टाकू नये असं माझ्या आईनं शिकवलंय. हे थांबवायचं कसं?"

तिसऱ्या लाडवाकडे गेलेला हात मी मागे घेतला. म्हणजे सप्टेंबरपासून...

"सप्टेंबरपासून माझं पोट भरलेलंय."

अरे देवा! मला वाटायचं हा खादाड आहे, आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे आमच्याकडे नाक कापलं जाणं. रागारागानं वाढत होते मी. हा बिचारा मान राखायला गिळत होता. आधी तो हसला, मग मी. इतकी हसले की रडूच आलं, आणि मग नुसतंच रडू.

शिकवलं त्याला. ताटावर आडवा हात धरायचा आणि पुरे म्हणायचं.

वि. आले तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. त्याच्या डोक्यावर अजून यांची टोपी. वि. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. चेहऱ्यावर आलं ते मी ओळखलं. गेले दोन महिने माझ्या चेहऱ्यावर तेच असतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१६ नोव्हें., शनिवार

मंडळाची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. परवा रात्रीपासून ताडोबाची गोष्ट डोक्यात फिरतेय. बहिणींना फोनवर सांगणारी ती बायको. नलिनीकडच्या चिवड्यातले दाणे.

तरी अंदाज आणि खरं यात फरक असतो. खरं आज जेवणाच्या रांगेत कळलं. शिरीषची बायको, गोड पोरगी, माझ्या मागे उभी. म्हणते, "काकू, काकांनी इतकं शिकवलं म्हणून हं. नाहीतर जानेवारीपासून अख्खा ग्रुप याच्या हातात, मला तर टेन्शनच आलंय. पण काका इतक्या लवकर रिटायर का होतायत? आता इंडिया ट्रिप वगैरे प्लॅन का?"

हातात श्रीखंडाचा चमचा होता. म्हटलं, "बघू, ठरतंय."

माझ्या माणसाला बावन्नाव्या वर्षी रिटायर करतायत, आणि ज्याला रोज उशिरापर्यंत थांबून शिकवलं त्यालाच खुर्ची. शिरीष पलीकडे कुणाशी तरी हसत होता. त्याचं हसणं, त्याचं वय, त्याचे धड गुडघे, सगळ्यावर जळले मी. नाव ठेवण्यासारखं त्याच्यात काही नाही याचाही राग आला.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला वि. एकटेच, कागदी प्लेट घेऊन. माझ्याकडे बघत होते. मी हात केला, म्हटलं श्रीखंड छान झालंय.

कळलंय असं दाखवणार नाही. त्यांनी सांगायचं. मला माझ्या नवऱ्याकडूनच कळायला हवं, भले सगळ्यात शेवटी.

१७ नोव्हें., रविवार

ताडोबा आला नाही. वि. खिडकीशी जाऊन आले तीनदा. मॅच लावली, बघितली नाही. मी भाजी चिरत चार वेळा हॉलमध्ये डोकावले. "काही हवंय?" "नाही."

पोळ्या जास्तीच्या झाल्या.

२३ नोव्हें., शनिवार

नलिनीचा फोन. व्हाइस प्रेसिडेंटचं काय झालं म्हणून. जिभेच्या टोकावर काहीतरी खोटं आलं होतं, तयारच. गिळलं. म्हटलं, "नाही गं, ते मीच उगाच बोलले होते. तसं काही नाहीये."

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "बरं झालं बाई. आमच्याकडेही डायरेक्टर झाल्यापासून हे घरी बोलतच नाहीत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नलिनीचा हेवा वाटला नाही. पाच मिनिटं तरी. मग जकुझी आठवला.

वि. शेजारच्या खोलीत होते. ऐकलं असेल तर ऐको.

२४ नोव्हें., रविवार

आजही नाही. मग मीच शोरूममध्ये फोन केला. माझ्या हातानं, त्याला!

"रागावलास का? का येत नाहीस?"

"नाही, ताई. स्क्रीन लावलाय."

"म्हणजे?"

"मी सोफ्यावर असलो की तो मला सांगतो. मला सांगितलं की त्याला हलकं वाटतं, मग तुला सांगायची गरज उरत नाही. सेंटरला कळतं कुठे उभं राहायचं नाही ते. जागा मोकळी आहे, तू जा." मग जरा थांबून, "आणि रविवारी मला फार एकटं वाटतं, तेव्हा जरा लवकर जा."

मेल्यानं रडवलं परत.

२९ नोव्हें., शुक्रवार

आमची लेक मीरा सुट्टीला घरी आलीय कॉलेजमधून. सोफ्यावर बसली आणि ओरडली, "मॉम, हू ब्रोक द काउच?" मधोमध हा एवढा खड्डा. सांगितलं सगळं. म्हणजे ताडोबाचं सांगितलं, बाबांचं नाही.

कपाळाला हात लावून म्हणते, "यू वेअर जेलस ऑफ अ गाय विथ नो नीज?"

"हो, होते," म्हटलं. "आणि आहे."

"बट व्हाय, मॉम?"

हिला काय सांगू. लग्न कर मग कळेल, असं माझी आई म्हणाली असती. मी म्हटलं, उठ, टेबल पूस.

१ डिसें., रविवार

मीरा सकाळच्या बसनं गेली. बाहेर भुरभुर बर्फ. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायला वि.नी जाऊ नये, म्हणून मीच टाकलं ड्राइव्हवेवर.

दुपारी मॅच लागली. वि. त्यांच्या कोपऱ्यात. मी हात पुसत गेले आणि सोफ्यावर बसले. असं मी कधी बसत नाही, मॅचला तर नाहीच. त्यांनी चमकून पाहिलं.

जरा वेळानं विचारलं, "तो उंच, तो काय करतोय?"

"स्क्रीन लावतोय."

"आणि त्याची जागा घ्यायला कुणी नवा आला की मग?"

कसं तोंडून गेलं मला कळलं नाही. ठरवलं नव्हतं, देवाशपथ. वि. टीव्हीकडेच बघत होते.  मग उठले, लंगडत गेले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मॅच चालू, आवाज नाही.

"सुनंदा, जरा बसतेस का? बोलायचंय."

मी बसलेलीच होते. तरी काय केलं? उठले. "चहा टाकते आधी," म्हटलं, आणि स्वयंपाकघरात पळून आले. आता काउंटरवर वही ठेवून लिहितेय, पाणी उकळतंय.

काय म्हणू? आधीच माहीत होतं म्हणू? नाही. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचं. त्यांना वाटू दे, मला सगळ्यात आधी सांगितलं. पण ताडोबाला एप्रिलपासून कोण जाणे काय काय माहीत, शिरीषला माहीत, त्या पोरीला श्रीखंडाच्या रांगेत माहीत. चौथा नंबर माझा. हे मी जन्मात विसरणार नाही, एवढं या वहीत लिहून ठेवते. बाहेर गेल्यावर यातला एक शब्द बोलणार नाही.

हाक आली. "राहू दे गं तो चहा."

कुठे बसू तेच ठरत नाहीये. समोरच्या खुर्चीत बसले तर कोर्टात बसल्यासारखं होईल. सोफ्यावर बसायचं तर ताडोबाचा खड्डा. त्यात बसलं की माणूस आपोआप यांच्याकडे कलतो, मघाशी बघितलं मी.

गॅस बंद केला. जाते.